पर्ल हार्बरचा इशारा एकाच माणसाने गमावला का?

दुसऱ्या महायुद्धाविषयीची एक गोष्ट समाजमाध्यमांवर आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत वारंवार सांगितली जाते. तिचा सारांश असा : ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी हवाईतील रडारने जपानी विमाने हल्ल्याच्या जवळजवळ तासभर आधी टिपली होती, रडारवरच्या दोघा जवानांनी लगेच वर कळवले, पण एका बेफिकीर लेफ्टनंटने ‘त्याची काळजी करू नका’ असे सांगून फोन ठेवला, आणि त्याने ऐकले असते तर अमेरिकेचे नौदल वाचले असते. या गोष्टीचा पहिला भाग खरा आहे, आणि त्या खरेपणाच्या जोरावरच पुढचा भाग लोकांच्या गळी उतरतो.

या प्रकरणाची छाननी करण्यासाठी साधनांची मुळीच वानवा नाही. हल्ल्यानंतर काही दिवसांतच न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १९४४ मध्ये सैन्यदलाचे आणि नौदलाचे स्वतंत्र चौकशी मंडळ झाले. १९४५-४६ मध्ये अमेरिकी संसदेच्या संयुक्त समितीपुढे जे कामकाज झाले, त्याचेच ३९ भाग छापले गेले. रडारवर त्या दिवशी केलेल्या नोंदींचा नकाशाही उपलब्ध आहे. संबंधित माणसांच्या साक्षी अनेकदा झाल्या असल्यामुळे त्यांत वेळेचा काही मिनिटांचा आणि अंतराचा काही मैलांचा फरक पडतो. विमाने प्रथम दिसली तेव्हाचे अंतर १३० ते १४० मैलांच्या दरम्यान वेगवेगळे सांगितले गेले आहे. जो एकच आकडा छातीठोकपणे सांगतो, त्याने बहुधा एकच साक्ष वाचलेली असते.

‘तासभर आधी इशारा मिळाला’ हे विधान पाहू. पर्ल हार्बरचे बंदर ज्या ओआहू बेटावर आहे, त्याच्या उत्तर टोकाजवळ ओपाना येथे एससीआर-२७० जातीचा फिरता रडार संच उभा होता. हवाईतील सैन्याचे प्रमुख जनरल वॉल्टर शॉर्ट यांच्या आदेशानुसार असे संच पहाटे चार ते सकाळी सात एवढाच वेळ चालवले जात. त्या रविवारी ओपानावर जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज एलियट हे दोघेच होते. लॉकार्ड अनुभवी होता, एलियट अजून शिकत होता. सात वाजता काम संपले, पण न्याहारीला नेणारा ट्रक आला नव्हता, म्हणून एलियटला सराव व्हावा या हेतूने त्यांनी संच चालूच ठेवला. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढा मोठा प्रतिध्वनी उमटला की संच बिघडला असावा, असे लॉकार्डला आधी वाटले. म्हणजे ही नोंद ठरलेल्या पहाऱ्याचे फळ नव्हती. पहारा संपल्यानंतर ती योगायोगाने हाती लागली. फोन लागून, निरोप्याने तो पुढे देऊन, गोष्टीतला तो लेफ्टनंट, कर्मिट टायलर, प्रत्यक्ष बोलायला येईपर्यंत सव्वासात ते सात-वीसची वेळ झाली होती. कानेओहेच्या नौदल विमानतळावर सात-अठ्ठेचाळीसच्या सुमारास आणि पर्ल हार्बरवर सात-पंचावन्नला हल्ला सुरू झाला. तेव्हा प्रश्न एका तासाचा नाही, फार तर पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे.

गोष्टीचा मुख्य आधार म्हणजे टायलरचा बेफिकीरपणा, आणि येथेच ती सर्वांत दुबळी आहे. टायलर हा ७८ व्या पर्सूट स्क्वाड्रनचा लढाऊ वैमानिक होता. रडारच्या नोंदी जेथे गोळा होत, त्या फोर्ट शाफ्टर येथील माहिती केंद्रात त्याची ती दुसरीच पाळी होती, आणि तेथे नेमके काय करायचे याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले नव्हते. विमाने पाठवण्याचा आदेश देणारा नियंत्रक तेथे नव्हता, आलेली विमाने कोणाची हे ठरवणारा अधिकारी नव्हता, नौदलाचा संपर्क अधिकारी नव्हता. टेबलावर खुणा करणारे जवान सात वाजताच निघून गेले होते. उरले होते टायलर आणि टेलिफोनवरचा एक जवान.

त्यातच कॅलिफोर्नियाच्या हॅमिल्टन फील्डवरून बी-१७ बॉम्बफेकी विमानांचा ताफा त्याच सकाळी ओआहूवर उतरणार होता. पहाटे गाडीतून येताना टायलरने रेडिओवर हवाईयन संगीत ऐकले होते, आणि मुख्य भूमीवरून विमाने येणार असली की वैमानिकांना दिशा मिळावी म्हणून ते रेडिओ केंद्र रात्रभर चालू ठेवतात, हे एका मित्राकडून त्याला कळलेले होते. बी-१७ च्या येण्याच्या दिशेत आणि पडद्यावरच्या प्रतिध्वनीच्या दिशेत थोड्याच अंशांचा फरक होता. प्रतिध्वनीवरून आपले विमान कोणते आणि परके कोणते हे ओळखण्याची सोय त्या संचांत नव्हती. त्याशिवाय विमाने किती असावीत याचा अंदाज फोनवरच्या बोलण्यात पोचलाच नाही. हातात असलेल्या माहितीवरून टायलरने काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरला, पण तो वेडगळ नव्हता. डझनभर बी-१७ हल्ला चालू असतानाच खरोखर तेथे येऊन पोचले. चौकशीनंतर टायलरवर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. पुढे तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. १९४२ मध्ये लॉकार्डला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल देण्यात आले. एकाला शाबासकी मिळाली म्हणजे दुसरा दोषी, हे गणित नंतरच्या कथाकारांचे आहे.

रडारवर सैन्याचा विश्वासच नव्हता, असेही या गोष्टीच्या जोडीने सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. माहिती केंद्र उभे करण्याचे काम मेजर केनेथ बर्गक्विस्ट यांच्याकडे होते आणि ब्रिटनमधली पद्धत पाहून आलेले नौदलाचे विल्यम टेलर त्यांना मदत करत होते. १९४० मध्ये जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईत ब्रिटनला जे यश मिळाले ते किनाऱ्यावरच्या रडार मनोऱ्यांइतकेच त्यांच्यामागच्या खोल्यांचे होते, हे या मंडळींना ठाऊक होते. ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे मुख्यालय असलेल्या बेंटली प्रायरी येथे एकेका केंद्राची माहिती गाळून, जुळवून, काही मिनिटांत लढाऊ विमानांच्या तळापर्यंत पोचवली जाई. त्या खोल्यांत आणि रडारच्या पडद्यांसमोर महिला हवाई दलाच्या मुली मोठ्या संख्येने काम करत. १८ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडमधील पोलिंगच्या रडार केंद्रावर बॉम्ब पडत असताना टेलिफोन न सोडणाऱ्या एव्हिस हर्न या कॉर्पोरलला त्याबद्दल मिलिटरी मेडल मिळाले. ओआहूवर संच आले होते, पण असे चोवीस तास बसणारे, आपसांत बांधलेले मनुष्यबळ अजून तयार व्हायचे होते. पहाटेच्या तीन तासांसाठी उघडणारे केंद्र हे एखाद्याच तासाला माणूस बसवलेल्या रेल्वे फाटकासारखे होते.

आता राहिला ‘ऐकले असते तर’चा मुद्दा. समजा, टायलरने सात-वीसला धोक्याची सूचना दिली असती. शॉर्ट यांनी घातपाताच्या भीतीने पहिल्या आणि सर्वांत सौम्य प्रतीची सज्जता लावलेली होती. विमाने राखणे सोपे जावे म्हणून ती धावपट्टीलगत पंखाला पंख लावून उभी होती आणि उड्डाणासाठी त्यांना चार तासांची मुदत होती. सैन्याच्या ३१ विमानविरोधी तोफखान्यांपैकी केवळ ४ हल्ल्यात काम करू शकले. रडार सैन्याचे, जहाजे नौदलाची, आणि दोघांना जोडणारा माणूस त्या खोलीत नव्हता. ‘वॉर्ड’ या विनाशिकेने पावणेसातच्या सुमारास बंदराच्या तोंडाशी एका छोट्या पाणबुडीवर गोळे डागल्याचे नौदलाला माहीत होते, तरी त्या बातमीनेही बंदर जागे झाले नव्हते. युद्धनौकांना वाफ धरून बाहेर पडायला पस्तीस मिनिटे पुरली नसती. आणि पुरली असती तरी खोल समुद्रात बुडालेली जहाजे वर काढता आली नसती, असे पुढे पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख झालेले अ‍ॅडमिरल निमिट्झ यांचे मत होते. बंदरातल्या ८ युद्धनौकांपैकी ६ पुन्हा कामावर आल्या.

याचा अर्थ इशारा निरुपयोगी ठरला असता असा नाही. जलरोधक दारे बंद झाली असती, तोफांवर माणसे उभी राहिली असती, काही विमाने विखुरता आली असती, आणि मृत्यू झालेल्या २,४०३ जणांपैकी काही वाचले असते, हे मान्य करावेच लागेल. नौदल मात्र वाचले नसते.

त्या सकाळी रडारच्या माहितीची सर्वांत मोठी नासाडी टायलरच्या फोननंतर झाली, आणि गोष्ट सांगणारे तिचा उल्लेखही करत नाहीत. लॉकार्ड आणि एलियट यांनी विमानांचा माग सात-चाळीसच्या सुमारास डोंगरांच्या प्रतिध्वनीत ती दिसेनाशी होईपर्यंत नकाशावर काढला होता, आणि तो थेट उत्तरेकडून येत होता. जपानी विमानवाहू जहाजे कोठे आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा त्या दिवशी कोणाकडेच नव्हता. तो सैन्याकडेच राहिला. नौदलाच्या सेनापतीपर्यंत वेळेत पोचला नाही, आणि ‘एंटरप्राइज’ या अमेरिकी विमानवाहू जहाजाचा ताफा जपान्यांना दक्षिणेकडे व नैर्ऋत्येकडे शोधत राहिला.