सात तासांची स्वस्ताई

घर दाखवताना एजंटने "ऑल इलेक्ट्रिक" हे शब्द असे उच्चारले की आम्हाला ती सोय वाटली. गॅसची पाइपलाइन नाही, बॉयलर नाही, गळतीची भीती नाही. इंग्लंडमध्ये विजेचं युनिट साधारण २५ पेन्सला आणि तेवढीच ऊर्जा देणारं गॅसचं युनिट सहा-सात पेन्सला पडतं, हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सांगलीच्या माणसाला घर तापवायला पैसे मोजावे लागतात हेच मुळात पटत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये ते काम फुकट होतं.

पहिल्या हिवाळ्याचं बिल आलं आणि बायको म्हणाली, "अरे, टॅरिफ बदल." इथे वीज तीच, तार तीच, बिल कोणी पाठवायचं आणि कुठल्या दराने, एवढं आपण निवडायचं. त्यासाठी तुलना करून देणाऱ्या वेबसाइट आहेत. आपला वापर माहीत नसेल तर त्या एक सरासरी घर गृहीत धरतात. हे घर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास युनिट वीज आणि दहा हजारांच्या आसपास युनिट गॅस वापरतं. कंपन्यांनी जास्तीत जास्त किती दर लावावा याची मर्यादा इथे नियामक ठरवतो. बातम्यांत दर तीन महिन्यांनी 'दरमर्यादा आता इतके पौंड' म्हणून जो आकडा येतो, तोही याच घराच्या बिलाचा. मर्यादा असते दराला, सांगतात बिल, आणि ते बिल दुसऱ्याच कुणाचं तरी. आमचा गॅस शून्य असल्यामुळे बातमी ऐकून हसावं की रडावं हे आम्हाला कधीच ठरवता येत नाही.

आमच्यासारख्यांसाठी १९७८ पासून एक योजना चालत आली आहे, इकॉनॉमी सेव्हन. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद ठेवणं परवडत नसे, आणि त्या वेळी वीज घ्यायला तर कोणी जागं नसे. म्हणून रात्रीचे सात तास दर साधारण निम्मा. आमच्याकडे ते साडेबारा ते साडेसात. ही मेहेरबानी वसूल करायला दिवसाचा दर नेहमीपेक्षा चढा ठेवलेला असतो, हे खालच्या बारीक अक्षरांत. थोडक्यात, जो रात्री जगेल त्याचा फायदा.

भिंतीवरचे स्टोरेज हीटर याच योजनेचे सखेसोबती. आत जड विटा. त्या रात्रभर तापतात आणि दिवसभर ती ऊब थोडी थोडी सोडतात, अशी कल्पना. बटणं दोनच, इनपुट आणि आउटपुट. इनपुटचं बटण फिरवताना उद्या किती थंडी पडेल हे आज रात्री ठरवावं लागतं, आणि ते इथल्या हवामान खात्यालाही दर वेळी जमतं असं नाही. पहाटे सहाला बनियनवर बसावं असं उकडतं. तेव्हा आम्ही स्टेशनवर जायच्या घाईत. संध्याकाळी सहाला कुडकुडत घरी यावं, तर विटांनी आपली सगळी ऊब दिवसभर रिकाम्या सोफ्याला देऊन टाकलेली.

मग आम्ही हळूहळू निशाचर झालो. वॉशिंग मशीन रात्री एकला, डिशवॉशर दोनला. दिवाळीत चकल्यांचा घाणाही मध्यरात्रीनंतरच काढला. दुसऱ्या घाण्याला स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात उभे. मी माफीची तयारी करत होतो, तर त्यांनी आत वाकून वास घेतला आणि समजुतीच्या स्वरात विचारलं, "इकॉनॉमी सेव्हन?" ते स्वतः कपडे धूत होते. चार चकल्या खाऊन गेले. मार्चअखेर देशाची घड्याळं एक तास पुढे जातात, पण आपल्या इमारतीतली जुनी मीटरं ग्रीनविचलाच चिकटून राहतात, तेव्हा उन्हाळ्यात दीड ते साडेआठ धरा, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. कंपनीच्या फोनवर ही माहिती मिळवायला मला पाऊण तास संगीत ऐकावं लागलं असतं.

बाकीचे पर्यायही बघितले. रात्रीचे सगळ्यात आकर्षक दर विजेवर चालणारी गाडी असणाऱ्यांना. बिल वाचवायला गाडी घ्या, हा सल्ला मित्राने गंभीरपणे दिला. त्याच्याकडे गाडी आहे, गॅसही आहे. दुसरा प्रकार अर्ध्या अर्ध्या तासाला बदलणाऱ्या दराचा. उद्याचे दर आज दुपारी कळतात. चार ते सात सगळ्यात महाग, म्हणजे मुलं शाळेतून येऊन भूक भूक करतात नेमकी ती वेळ. पण वारा जोरात सुटला, पवनचक्क्या भरात आल्या की दर कधी कधी शून्याखाली जातो आणि वीज वापरल्याबद्दल तेच आपल्याला पैसे देतात! आठवडाभर मी कोकणातल्या शेतकऱ्याने मृगाकडे बघावं तसा उत्तर समुद्राच्या नकाशाकडे बघत होतो. बायकोने एकच प्रश्न विचारला, "वारा पडला तर कुकर लावायचा की नाही?" तो पर्याय तिथेच संपला.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे नवीन मीटर बसवलंय, सकाळी नऊ ते पाच स्वस्त. सूर्याची वीज म्हणे. तुमच्याकडे सूर्यच नाही म्हणून रात्री देतात का रे?"

तिला उत्तर देता देता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई पहाटे साडेचारला उठते. आंघोळीचं पाणी, कपडे, कुकर, पोळ्या, सगळं सातच्या आत. त्यानंतर ओटा पुसून कोरडा. इकॉनॉमी सेव्हन आखणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांसमोर अशीच कोणीतरी बाई असणार. आम्ही उगाच मध्ये आलो. मी तिचा दिनक्रम माझ्या तक्त्यात भरून पाहिला. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या योजनांना तिने मागे टाकलं.

"आई, सहा महिने ये ना राहायला," मी म्हणालो. "व्हिसाही तेवढाच मिळतो. ऑक्टोबरात ये."

"येते की. पण थंडीत नाही हं बाबा. मे-जूनमध्ये बघू. तेव्हा ते विटांचे हीटर बंदच असतात ना?"