हबर्ड पुढे सरकतेय, हे खरं. पण पुढचं?

अलास्कातल्या हबर्ड हिमनदीचा फोटो आणि खाली मजकूर: ‘ही शंभरहून जास्त वर्षं वाढतेय. ताकूही वाढतेय. ग्लेशियर बे तर कारखान्यांआधीच वितळला. मग तापमानवाढ कुठाय?’ फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान शेजारच्या हिमनद्या तरी बघायच्या!

हबर्ड वाढतेय, हे खोटं नाही. सेंट एलायस पर्वतरांगेतून समुद्रात उतरणारी ही हिमनदी १८९५ पासून पुढेच सरकतेय. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्ड या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीचं तोंडच बंद केलं. पण का वाढतेय? तिचा सुमारे ९५ टक्के भाग हिमरेषेच्या वर, म्हणजे वितळण्यापेक्षा जास्त बर्फ साठतो अशा उंचीवर आहे, त्यामुळे बर्फाचा पुरवठा प्रचंड. शिवाय तोंडाशी तिने स्वतःच ढकलून आणलेल्या दगडगाळाचा बांध आहे. त्याच्या आडोशाने बर्फ कमी तुटतो. अशी हिमनदी बांधावरून मागे खोल पाण्यात सरकली की मात्र भराभर तुटत जाते. अलास्कातलीच कोलंबिया १९८० नंतर वीसेक किलोमीटर मागे गेली. म्हणजे समुद्रातल्या हिमनदीचं तोंड कुठे आहे, यावरून हवामानाचा निकाल लावता येत नाही.

अलास्कातल्याच ग्लेशियर बे या उपसागराचं उत्तर यातच आलं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या मोहिमेला बर्फ उपसागराच्या मुखाजवळ दिसला, १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूरला तो पन्नास किलोमीटरहून आत सापडला. लघुहिमयुगात, म्हणजे काही शतकांपूर्वीच्या थंड काळात फुगलेला, समुद्रात उभा असलेला बर्फ एकदा सुटला आणि तुटत गेला. आधीची माघार नैसर्गिक होती, म्हणून आजचीही तशीच, हे अनुमान कुठून आलं?

ताकूचा दाखला तर शिळा आहे. अलास्कातल्या जुनो हिमक्षेत्रातली ही सुमारे दीड किलोमीटर जाड हिमनदी मागे हटू लागल्याचं २०१९ मध्येच उपग्रहचित्रांवरून स्पष्ट झालं.

खरा हिशेब तोंडाचा नाही, एकूण बर्फाचा. २००० ते २०१९ या काळात जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला, त्यातला साधारण पाव वाटा अलास्का आणि लगतच्या प्रदेशाचा. हबर्डच्याच रांगेत, कॅनडाच्या युकॉनमधली कास्कावुल्श हिमनदी इतकी आक्रसली की २०१६ मध्ये तिच्या वितळपाण्याने वाटच बदलली. स्लिम्स नदीतून क्लुआनी सरोवरात, पुढे बेरिंग समुद्राकडे जाणारं पाणी अल्सेक नदीमार्गे पॅसिफिककडे वळलं आणि सरोवराची पातळी उतरली. कास्कावुल्शचा फोटो त्या मजकुरासोबत कुणी जोडत नाही.