पॅकमॅन खरोखरच चपळ हाताचा खेळ आहे काय?

‘पॅकमॅनमधली भुते कशीही फिरतात, त्यामुळे ज्याचा हात जलद तोच टिकतो; बाकीच्यांनी नुसते खेळत राहावे, हात आपोआप बसेल,’ असे आर्केडप्रेमींमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये, सर्रास सांगितले जाते. या खेळात पॅकमॅनला चक्रव्यूहातल्या बोळांतून फिरवत सगळे ठिपके खायचे असतात आणि चार भुतांना चुकवायचे असते. यातली तीनही विधाने तपासून पाहण्याजोगी आहेत.

भुते कशीही फिरतात, हे तर मुळातच चूक आहे. नाम्को या जपानी कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या या खेळात लाल ब्लिंकी पॅकमॅन ज्या घरात (पटावरच्या चौकोनात) आहे थेट त्याचाच रोख धरतो, गुलाबी पिंकी त्याच्या तोंडापुढच्या चौथ्या घराचा, आणि नारिंगी क्लाइड आठ घरांच्या आत येताच पाठलाग सोडून आपल्या कोपऱ्याकडे वळतो. निळ्या इंकीचे गणित ब्लिंकीच्या जागेवरही अवलंबून असल्याने तो सर्वांत फसवा. पहिल्या टप्प्यात ७ सेकंद पांगायचे आणि मग २० सेकंद पाठलाग करायचा, असा भुतांचा क्रमही सुरुवातीला ठरलेला असतो. मोठी गोळी खाल्ली की थोडा वेळ पॅकमॅनच भुतांना खाऊ शकतो; तेव्हा घाबरलेली भुते वाटेल तिकडे पळताना दिसतात खरी. परंतु त्यांची दिशा ठरवणारी आकड्यांची मालिका प्रत्येक टप्प्याच्या आरंभी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून तीच चाल तंतोतंत केली की भुतेही तशीच वागतात. (‘मिस पॅकमॅन’मध्ये ही सोय नाही, कारण तिथे यदृच्छेला मुद्दाम जागा दिली आहे.)

आता चपळाईविषयी. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, पण हा खेळ आधी हललेल्या हाताला बक्षीस देतो. वळण येण्याच्या किंचित आधी दांडा (जॉयस्टिक) वळवला, तर पॅकमॅन कोपरा तिरका कापतो; भुतांना ही मुभा नाही. वळण गाठल्यावर दांडा वळवणारा खेळाडू प्रत्येक कोपऱ्यावर थोडे अंतर गमावतो, आणि मग आपला हातच मंद आहे असे समजतो.

‘नुसते खेळत राहा’ हा सल्ला निम्मा खरा आहे. मी स्वतः कित्येक दिवस चारही मोठ्या गोळ्या आरंभीच संपवून उरलेल्या ठिपक्यांसाठी मरत असे, आणि सरावाने ती खोडच पक्की झाली. आपण कुठल्या बोळात, कोणत्या भुतामुळे मेलो, एवढे लिहून ठेवल्यावर ती सुटली.

ठरलेली चाल मोडल्यावर मात्र चपळाई लागतेच. घरच्या टीव्हीवर खेळत असाल, तर चित्र उशिरा उमटत नाही ना, हे आधी पाहावे आणि टीव्हीत गेम मोड असेल तर तो सुरू करावा.