खुलासा: १८ क्रमांकाची स्क्वाड्रन २०२० ची नव्हे

‘तेजसची पहिली स्क्वाड्रन म्हणजे १८ क्रमांकाची, ती २०२० मध्ये नव्याने स्थापन झाली,’ असा मजकूर हवाई दलाच्या तेजस या लढाऊ विमानाच्या स्क्वाड्रनबद्दल, म्हणजे तुकडीबद्दल, फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

तेजस प्रथम मिळालं ते ४५ क्रमांकाच्या ‘फ्लाइंग डॅगर्स’ला, १ जुलै २०१६ रोजी, बेंगळुरूत. १८ क्रमांकाची ‘फ्लाइंग बुलेट्स’ १९६५ मध्ये नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर उभी राहिली. पुढे तिच्याकडे मिग-२७ आली. तिच्याकडची ही विमानं २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावर स्क्वाड्रन गोठवली गेली. अशा वेळी विमानं आणि माणसं जातात. क्रमांक, बोधचिन्ह आणि इतिहास राखून ठेवतात. २७ मे २०२० रोजी तमिळनाडूतल्या सुलूर तळावर ती पुन्हा सुरू झाली, स्थापन नव्हे.

घोटाळा होतो तो ‘एफओसी’, म्हणजे युद्धात वापरण्याचा अंतिम परवाना मिळालेल्या तेजसमुळे. ती खरोखरच आधी १८ ला मिळाली. फोटोत ओळखायची खूण सोपी: कॉकपिटच्या उजव्या अंगाला पुढे आलेली, हवेत इंधन घेण्याची नळी. ४५ च्या सुरुवातीच्या विमानांना ती नाही.

आणि २०२० ला आरंभ मानलं, तर १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर नॅटमधून एकट्याने पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंजलेले निर्मलजीत सिंग सेखों या स्क्वाड्रनच्या इतिहासातून पुसले जातात. परमवीरचक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव अधिकारी. मजकूर पुढे पाठवला असेल, तर दुरुस्तीही पाठवा.