आयपॉड फ्रीजरमध्ये ठेवण्यापूर्वी

गेल्या रविवारी रात्री दहाच्या सुमारास डोंबिवलीहून आत्याचा फोन आला. "अरे, आयपॉड फ्रीजरमध्ये ठेवलाय. सकाळी काढू की बारा तास पुरे होतात?" तिच्या गाण्याच्या ग्रुपवर 'जुना आयपॉड फेकू नका, घरच्या घरी नवा करा' असा एक संदेश फिरत होता, आणि पुढच्या दोन दिवसांत तो आणखी तीन ठिकाणांहून माझ्याकडेही आला. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून तळहातावर आपटली की चालू होते, नाहीच झाली, तर लॅपटॉपची कोणतीही एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) आत बसते, मग कोणत्याही आयपॉडमध्ये 2 टीबी गाणी मावतात, ती पेन ड्राइव्हप्रमाणे नुसती कॉपी करायची, आणि डिस्क काढल्यामुळे आवाज इतका सुधारतो की तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजणारी झणक) वेगळी ऐकू येते.

यातले फ्रीजरचे प्रकरण नुसते चुकीचे नाही, घातक आहे. आत्याचा आयपॉड 2005 सालचा, 30 जीबीचा. तिच्या गुरूंच्या तालमीच्या कॅसेट तिने हौसेने संगणकावर उतरवून त्यात भरल्या होत्या. तो संगणक कधीच भंगारात गेला, त्यामुळे ती तालीम आता या 1.8 इंची डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. अशा डिस्कच्या तबकडीवरून तिचे हेड, म्हणजे माहिती वाचणारे टोक, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर राखून सरकत असते. डिस्क हवाबंद नसते, तिला श्वासासाठी बारीक छिद्र असते; त्यामुळे फ्रीजरमधून डोंबिवलीच्या दमट हवेत काढलेल्या डिस्कच्या आत-बाहेर पाणी धरण्याची पुरेपूर शक्यता असते, आणि त्याच अवस्थेत ती चालू करून वर आपटली, तर हेड तबकडीवर घासून जे वाचण्याजोगे उरले होते तेही जाते. पूर्वी काही अडकलेल्या डिस्क थंड केल्यावर थोडा वेळ चालल्या, असे सांगणारे जुने तंत्रज्ञ भेटतात, आणि ते सगळेच खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. पण तो सगळे उपाय थकल्यानंतरचा जुगार होता. ज्या डिस्कमधून नुकती कुठे टक्-टक् ऐकू येऊ लागली आहे, तिच्यावर करायचा तो पहिला उपचार नव्हे.

जवारीचा दावा निरुपद्रवी असला तरी सर्वांत हास्यास्पद आहे. त्याला 23 ऑक्टोबर 2001 रोजी पहिल्या आयपॉडची घोषणा करताना खुद्द ॲपलने काढलेले प्रसिद्धिपत्रकच उत्तर देते: धावताना किंवा सायकल चालवताना गाणे अडखळू नये म्हणून या यंत्रात 20 मिनिटांपर्यंतचे संगीत आधीच साठवलेले असते, असे त्यात म्हटले आहे. ही साठवण डिस्कवर नव्हे, 32 एमबी मेमरीत होते. 160 केबीपीएसच्या गाण्याला मिनिटाला साधारण 1.2 एमबी लागतात, त्यामुळे हिशेबही जुळतो. म्हणजे डिस्क काही सेकंद फिरून मेमरी भरते आणि थांबते. विलंबित ख्याल चालू असताना ती बहुतांश वेळ झोपलेलीच असते. आत्याच्या आयपॉडमध्येही नेमकी 32 एमबीच मेमरी आहे. आकड्यांचा आवाज करण्याचे काम मुख्य बोर्डावरची चिप करते, आणि डिस्क बदलली तरी ती चिप तीच राहते. आयपॉड कानाला लावला तर डिस्क फिरतानाची बारीक घरघर ऐकू येते आणि डिस्कऐवजी मेमरी कार्ड बसवल्यावर ती जाते, एवढे मान्य. बॅटरी जास्त टिकते आणि यंत्र हातात हलके लागते, हेही खरे. बाकी कॅसेटची खरखर आहे तिथेच राहणार.

लॅपटॉपच्या एसएसडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पट्टी घेतली तरी पुरे: अडीच इंची एसएसडीची रुंदी जवळजवळ 70 मिलिमीटर, आणि आत्याच्या आख्ख्या आयपॉडची 61.8. प्रत्यक्षात डिस्कच्या चपट्या रिबनला एक अडॅप्टर जोडून त्यात मायक्रोएसडी कार्ड बसवतात. ते काम घरी होते, पण मागचे स्टीलचे झाकण एकदम ओढले तर बॅटरी आणि हेडफोनच्या जॅककडे जाणाऱ्या नाजूक पट्ट्या फाटतात, याचा संदेशात उल्लेखही नाही.

'कोणत्याही आयपॉडमध्ये 2 टीबी' हेही तसेच. 2007 चे 80 जीबी आणि 2008 चे 120 जीबी 'आयपॉड क्लासिक' डिस्कवरची जागा शोधण्यासाठी 28 बिटांचे पत्ते वापरतात, त्यामुळे मूळ फर्मवेअरवर (यंत्र चालवणाऱ्या आतल्या प्रणालीवर) 128 जीबीच्या पुढची जागा त्यांना दिसतच नाही; 2009 च्या मॉडेलला ही अडचण नाही. आत्याच्या मॉडेलला मोठे कार्ड चालते, पण तिथे मेमरी आड येते, आणि वीसेक हजार गाण्यांनंतर यंत्र रखडू लागते असा वापरणाऱ्यांचा अनुभव आहे.

राहिली नुसती कॉपी. आयपॉडचे फर्मवेअर डिस्कवरच असते, म्हणून नवे कार्ड घातल्यावर संगणकावरच्या आयट्यून्समधून (नव्या मॅकवर फाइंडरमधून) रिस्टोअर करावे, म्हणजे ते फर्मवेअर पुन्हा बसवावे लागते, आणि आयपॉडवरच्या गाण्यांच्या यादीत नोंद नसलेले गाणे तो वाजवत नाही. उलट दिशेने मात्र कॉपी उपयोगी पडते: जुन्या डिस्कवरील गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार-चार अक्षरांच्या अगम्य नावांनी पडलेली असतात, तो फोल्डर जसाच्या तसा उचलला की फाइलच्या आतल्या टॅगवरून बऱ्याच गाण्यांची नावे परत मिळतात.

म्हणून क्रम आधी कॉपीचा आणि मग अडॅप्टरचा. आत्याचा आयपॉड सध्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद आहे. तो चालूही करू नकोस आणि चार्जिंगलाही लावू नकोस, असे तिला तीनदा बजावले आहे. शनिवारी मी केबल घेऊन डोंबिवलीला जाणार आहे.