वसुलीला गेलेला आर्थर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'रेड डेड रिडेम्पशन २' या व्हिडिओ गेमच्या दरोडेखोर नायकावरच्या 'आर्थर मॉर्गनकडून शिकण्यासारख्या सात गोष्टी' या माझ्या लेखावर तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ज्याच्या हातून शेकडो माणसं मरतात तो दरोडेखोर कसला आदर्श, टीबी झाल्यावर त्याला सुचलेला चांगुलपणा म्हणजे मरणाच्या भीतीने केलेली सारवासारव, आणि ज्या खेळात पाप-पुण्याचा काटा असतो त्यात नीती शोधणं पोरकटपणाचं आहे. शिवाय तुमचा तेरा वर्षांचा मुलगा 'रेड डेड रिडेम्पशन २' मागतोय आणि पुरावा म्हणून त्याने माझाच लेख तुमच्यापुढे धरला. हे वाचून ओशाळलो.

काट्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार केला, पकडलेला मासा परत पाण्यात सोडला, की 'ऑनर' (म्हणजे खेळातलं पुण्य) वाढतो. एका दुपारी व्हॅलेंटाइन गावात फेऱ्या मारत, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत मी आदल्या रात्रीच्या दरोड्याचं पाप फेडलेलं आहे. लाच खाऊन सत्यनारायण घालावा तसलाच हा प्रकार. आणि माझी ती सात मुद्द्यांची यादी? निष्ठा, मैत्री, धाडस वगैरे? यादी केली की लोक वाचतात, म्हणून केली. मला जे सांगायचं होतं ते चौथ्या मुद्द्यात एका ओळीत चिरडून गेलं. ते म्हणजे थॉमस डाउन्स.

साल १८९९. आर्थर ज्याच्या टोळीत आहे त्या डच व्हॅन डर लिंडकडे स्ट्रॉस नावाचा एक गृहस्थ आहे, तो गरजूंना व्याजाने पैसे देतो. त्याची वसुली आर्थरकडे. डाउन्स हा किडकिडीत, सतत खोकणारा शेतकरी, स्वतः कर्जात असून गावात गरिबांसाठी वर्गणी गोळा करत फिरणारा. काही दिवसांपूर्वीच आर्थर एका धिप्पाड माणसाला चिखलात लोळवून मारत असतो, तेव्हा 'पुरे, सोडा त्याला' म्हणत मध्ये पडलेला माणूस हाच. आता आर्थर त्याच्याच शेतावर जातो आणि त्याला बडवतो. डाउन्स खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. बायको आणि मुलगा धावत बाहेर येतात. हा प्रसंग टाळता येत नाही, आणि ठोसा मारायचं बटण खेळणाऱ्यालाच दाबावं लागतं. पुढच्या वेळी आर्थर जातो तोवर डाउन्स वारलेला असतो. उरलेले पैसे तो त्याच्या विधवेकडून घेऊन येतो.

टीबी त्याला इथे लागतो. (असा एका खोकल्यात टीबी सहसा होत नाही, त्याला बहुधा बरेच दिवसांचा सहवास लागतो, हे मान्य. पण औषध नव्हतं हे खरं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. १८९९ चा डॉक्टर 'विश्रांती घ्या, कोरड्या हवेत जा' याहून जास्त काय सांगणार?) म्हणजे तुम्ही म्हणता तसं आजार झाला आणि मग माणूस सुधारला, एवढंच नाही. त्या आजाराला एक पत्ता आहे, एक अंगण आहे. दरोड्यांत गोळ्या घालून मारलेल्या शेकडो लोकांचं पुढे कुणालाच काही नसतं, ही या खेळाची लबाडी आहेच. पण जे काम आर्थरने कंटाळत, 'आपलं काय, आपण फक्त वसुलीला आलोय' असं म्हणत केलं, ते मात्र त्याला सोडत नाही.

मला हे इतकं का लागलं, ते मूळ लेखात लिहायची हिंमत झाली नव्हती. कॉलेजनंतर दीड वर्ष मी एका फायनान्स कंपनीच्या वसुलीत होतो. कधी कुणावर हात उचलला नाही, पण थकलेल्या हप्त्यासाठी संध्याकाळी सातला, शेजारीपाजारी घरी असताना, दारात उभं राहून मोठ्याने बोलायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. एका रिक्षावाल्याच्या घरी त्याच्या बायकोने आधी पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो, पेला खाली ठेवला आणि मग आवाज चढवला. त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं.

आता 'मरणाच्या भीतीने'. हो, तो घाबरलेलाच असतो. रेल्वे स्थानकावर एका ननपाशी तो स्वतःच्या तोंडाने तसं कबूल करतो. पण भीतीने माणूस सुधारतोच असं कुठे आहे? डचही चहूबाजूंनी घेरलेला आहे, आणि वीस वर्षं मुलासारखा सांभाळलेला आर्थर संकटात दिसत असताना तो पाठ फिरवून निघून जातो. आर्थर उलट स्ट्रॉसला तळावरून हाकलतो. यातही मला एक खटकतं: व्याजाचे पैसे टोळीने खाल्ले, हात आर्थरचे चालले, आणि हाकलला गेला एकटा हिशोबनीस. पुढे टोळीच्या मागावर असलेल्या पिंकर्टन गुप्तहेरांच्या हाती लागून तोच स्ट्रॉस तोंड न उघडता मरतो. म्हणजे आर्थरचा रागसुद्धा अर्धवटच न्यायाचा.

डाउन्सची बायको एडिथ आणि मुलगा आर्ची पुढे पुन्हा भेटतात. ती पोटासाठी शरीर विकतेय, मुलगा खाणीत राबतोय. आर्थर पैसे देऊन त्यांना तिथून निघायला सांगतो. ज्या उपप्रसंगांत हे घडतं त्यांचं नावच 'क्षमा मागू नकोस' अशा अर्थाचं आहे. एडिथ त्याला पोटाशी धरत नाही, 'झालं गेलं विसरू' म्हणत नाही, आणि काट्यावर कितीही पुण्य चढलं तरी डाउन्स परत येत नाही. ज्याला तुम्ही सारवासारव म्हणता, ती इथे सारवली जातच नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

मुलाचं म्हणाल तर नाही म्हणा. खेळावर प्रौढांसाठीचा शिक्का उगाच नाही, आणि तेराव्या वर्षी तो घोडा पळवेल, बंदुका चालवेल, डाउन्सचा प्रसंग त्याच्या लक्षातही राहणार नाही. लेखाच्या वर आजच तशी सूचना टाकतो. तुम्ही स्वतः मात्र खेळून बघा. सुरुवातीचे काही तास नुसते बर्फातून घोडे हाकण्यात जातात, तिथे कंटाळून सोडू नका. डाउन्स याच खेळाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे.