बाजूच्या बेडवरचे आजोबा

"बाजूच्या बेडवर आजोबा एकेका श्वासासाठी झगडतायत, आणि ही बघा, धडधाकट असून मरायला निघाली."

गेल्या आठवड्यात नाइटला, कॅज्युअल्टीत, आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या तोंडून हे ऐकलं. पेशंट जेमतेम विशीची. नाकात नळी, डोळे मिटलेले. पण पापण्या हलत होत्या, म्हणजे सगळं ऐकत होती. मी विद्यार्थिनीला ड्रेसिंग रूममध्ये नेलं आणि झापलं, "हे कुठून शिकलीस?"

ती गोंधळली. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना. पहिल्या पोस्टिंगला."

म्हणाले असेन. बावीस वर्षं ठाण्यात नर्सिंग करतेय, त्यातली नऊ शिकवण्यात गेली. काय काय बोलून बसलेय कुणास ठाऊक.

नर्सिंगच्या मुली असोत की एमबीबीएसचे इंटर्न, येतात तेव्हा कोणी निर्दय नसतं. पहिली अशी केस आली की बाथरूममध्ये जाऊन रडतात. सहा महिन्यांत 'अटेम्प्टवाली' हा शब्द तोंडात बसतो. हँडओव्हरला "सात नंबर बेडला अटेम्प्ट आहे, नवऱ्याशी भांडण, नाटकी आहे" एवढ्यात माणूस संपतो. "पोट धुवायला जाडी नळी घाला, परत करणार नाही" असं हसत सांगणारे सीनियर मी पाहिलेत. बिडी ओढून ओढून छाती खराब केलेल्या आजोबांना आपण कधी असं बोलतो का?

थकवा असतो, मान्य. एका सिस्टरवर तीस पेशंट, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचे, कागद, दारात हवालदार, नातेवाईक 'डामा' (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) घेऊन घरी न्यायच्या घाईत. त्या सगळ्याचा राग नेमका त्या बेडवर निघतो.

आणि अजूनही मुलं मला विचारतात, "मॅडम, हिच्यावर ३०९ लागेल ना?" म्हणजे दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम. अरे बाबांनो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ वाचा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याला शिक्षा नाही. पुन्हा तसं घडू नये म्हणून उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून तर भारतीय दंड संहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरलंय ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम. एमएलसी होते, पोलिसांना कळवावं लागतं, पण म्हणून पेशंट आरोपी होत नाही.

आमच्या गावाची तर गंमतच. सगळ्या महाराष्ट्रात 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद. आमच्या मुली त्याच मनोरुग्णालयात पोस्टिंगला जातात, स्किझोफ्रेनियाची केस सुंदर लिहून आणतात. पण जीव द्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा तिथे येत नाही. तो येतो कॅज्युअल्टीत, मग मेडिसिन वॉर्डात. तिथे त्याच्याशी काय बोलायचं, हे आम्ही शिकवतच नाही. सायकॅट्री रेफरन्स लिहिला की झालं.

सगळ्यात मोठी भीती कसली, तर विचारण्याची. "अजून मरावंसं वाटतंय का, असं विचारलं तर तिच्या डोक्यात परत तेच येईल ना?" नाही येत. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. धोका आहे तो आपण गप्प बसून तिला घरी पाठवण्यात. आधी एकदा केलेला प्रयत्न हीच पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण असते, आणि आपण तिलाच 'नाटक' म्हणतो. (टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा डिस्चार्ज कार्डावर लिहायला पेनाला काय होतं?)

त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये मी आधी माझी चूक कबूल केली. मग दोघी परत गेलो. विद्यार्थिनी स्टूल ओढून बसली. काय बोलावं सुचेना, म्हणून तिने ओल्या गॉझने त्या मुलीच्या केसांना लागलेली उलटी पुसली. एकेक बट. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "मघाशी मी बोलले ते चुकलं. खूप त्रास होत होता का गं तुला?"

मुलीने डोळे उघडले. उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "मोबाईल चार्ज करून मिळेल का? आईला फोन करायचाय."

चार्जर वॉर्डातल्या मामांकडे निघाला.